पिवळा टॉवेल

८ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद घे आणि आधी मला सांग, तू झोपतेस तरी कधी? सोमवारी सकाळी फोन केला तर तू गाढ झोपेत. मंगळवारी शहाणपणा करून दुपारी केला तर तू कामावर. बुधवारी संध्याकाळी केला तर "आई, पहाटे जायचंय" म्हणून ठेवूनच दिलास. अमावास्या-पौर्णिमेचा सुद्धा काही नेम असतो, तुझा नाही. म्हणून हे पत्र. पत्र कुणाला झोपेतून उठवत नाही, आणि माझ्या सुई-दोऱ्याच्या दुकानात हल्ली गिऱ्हाइकापेक्षा माश्या जास्त येतात, तेव्हा लिहायला वेळच वेळ आहे.

माझे चिरंजीव ट्रक घेऊन निघाले की पंधरा-पंधरा दिवस घर बघत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग तू अशी वेळी-अवेळी लाँड्रीत गेल्यावर भिंगरीकडे कोण बघतं? परवा फोनवर ती सारखी "समोरची आजी, समोरची आजी" करत होती. ही कोण बाई? तुझी आई गेल्यापासून त्या पोरीला एकच आजी उरली आहे, आणि ती हे पत्र लिहिते आहे.

उत्तर लिही. दोन ओळींचं नको.

— तुझी सासू


१५ जानेवारी

ती. आईंना,

वाकून नमस्कार करणार होते, पण दिवसभर चादरींच्या घड्या घालून पाठीत वाकायची ताकद उरलेली नाही. बसूनच करते, मान्य करून घ्या.

मी कधी झोपते हे मलाच आदल्या संध्याकाळपर्यंत माहीत नसतं. आमच्या लाँड्रीत तीन हॉस्पिटलांचे कपडे येतात. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले. माल किती आला ते बघून सुपरवायझरबाई संध्याकाळी मोबाइलवर एवढंच पाठवतात, "उद्या सकाळ" किंवा "उद्या दुपार" किंवा "उद्या सुट्टी". जुन्या बायकांना ठरलेली पाळी, आम्हा नव्यांना उरलेली. एकदा तर बसमध्ये बसल्यावर निरोप आला, आत्ता नको, दुपारी या. उतरले आणि चालत घरी आले. कंडक्टर म्हणाला, "काय ताई, करमलं नाही का?"

तरी काम मला आवडतं, आई. मोठ्या इस्त्रीतून चादर गरमागरम बाहेर येते, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला जोडीदारीण, काठाला काठ जुळवून घडी घालायची. काठ अर्धा बोट जरी सरकला तरी चादर परत येते. आता घरी रुमाल वाकडा दिसला तरी माझा हात शिवशिवतो.

समोरची आजी म्हणजे गल्लीपलीकडच्या पडदे शिवणाऱ्या बाई. एकट्याच असतात. त्यांचं शिलाई मशीन खिडकीत आहे आणि खिडकी आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर. त्यांना कमी ऐकू येतं आणि मोबाइल त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतात, म्हणून आम्ही एक युक्ती काढली आहे. कपडे वाळत घालायच्या वरच्या दांडीवर मी रोज एक टॉवेल लावते. पांढरा लावला तर माझी सकाळची पाळी. त्यांनी येऊन भिंगरीला उठवायचं आणि शाळेत सोडायचं. लाल लावला तर दुपारची. त्यांनी तिला शाळेतून आणायचं आणि मी येईपर्यंत ठेवायचं. पिवळा म्हणजे मला सुट्टी, त्या मोकळ्या. भिंगरीला रंग पाठ झालेत. सकाळी डोळे चोळत आधी गॅलरीत जाते आणि मग दात घासते.

बाई फार चांगल्या आहेत. मी अगदी निर्धास्त आहे.

— तुमची सून


२२ जानेवारी

सूनबाई,

निर्धास्त आहेस हे वाचून बरं वाटलं. मी नाही.

रविवारी तुझ्या मोबाइलवर भिंगरीशी बोलले. मी म्हटलं, "आजीला ओळखलंस का गं?" तर म्हणते, "हो, तू फोनमधली आजी." फोनमधली! मी हिच्या जन्माच्या वेळी आठवडाभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून काढला. हिच्या दुपट्यांना माझ्या दुकानातली लेस लागली, तीही चांगल्यातली. आणि आज मी फोनमधली, ती समोरची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने निळी बटणं मागितली असताना त्याला काळी दिली आणि वर त्यालाच बोलले.

आता खरं सांग. भिंगरीच्या वेण्या कोण घालतं? तुझ्या सकाळच्या पाळीला तीच घालत असणार. कशा घालते? घट्ट की सैल? गोष्टी सांगते का? कोणत्या? गाणं म्हणते का? आणि पडदे शिवायला दोरा कोणता वापरते तेही बघून ठेव. माणसाची पारख दोऱ्यावरून होते. स्वस्तातला दोरा वापरणारी बाई दुसऱ्याच्या पोरीला जीव लावते असं मी तरी पाहिलेलं नाही.

मी काही जळत नाही हो. चौकशी करते आहे.

— तुझी सासू


६ फेब्रुवारी

ती. आईंना,

उत्तराला उशीर झाला. गेले दोन आठवडे सकाळ, दुपार, दुपार, सकाळ असं चाललंय की परवा मी दुधाचं पातेलं कपाटात आणि पावडरचा डबा फ्रिजमध्ये ठेवला.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर हे मी कुणाला बोलले नसते. वेण्या त्याच घालतात. घट्ट, सरळ भांगाच्या, टोकाला पडद्याच्या कापडाची फीत. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी घातल्या तर भिंगरी आरशात बघून म्हणाली, "आई, तुला नाही येत." दोरा त्या जाड आणि चांगला वापरतात, मी बघितलं. आई, तो वाईट असता तर मला किती बरं वाटलं असतं!

तुम्ही निदान म्हणता की जळत नाही. मी जळते. दुपारच्या पाळीहून तिला आणायला जाते तेव्हा ती त्यांच्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगात बसून काहीतरी करत असते. दोघींच्या माना एकाच बाजूला कललेल्या. मी दारात उभी, आणि क्षणभर दोघींनाही मी दिसत नाही. घरी आल्यावर मी भात कालवून दिला तर, "समोरची आजी मऊ करते." गोष्ट सांगितली तर, "समोरची आजी आवाज काढते." मागे म्हणायचे, माय मरो पण मावशी जगो. इथे माय धडधडीत जिवंत आहे आणि दमल्या हातांनी दारात उभी आहे.

वाईट याचं वाटतं की त्या बाईंना नाव ठेवायला जागाच नाही. थोडी जरी वाईट असती तरी मी सुखी झाले असते. तुम्हाला हे लिहितेय, कारण तुम्हाला कळेल. बाकी बाबतीत आपलं फार पटलं असं नाही, पण या एका बाबतीत आपण दोघी एकाच होडीत आहोत.

— तुमची सून


१२ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र गल्ल्यात ठेवलं आहे आणि दिवसातून दोनदा काढून वाचते. असं पत्र तू मला लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिलंस. कारण कडू असेना का, पत्र गोड लागलं.

आता माझं ऐक. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणून तुझं दुःख मला दुकानात बसून कळणार नाही असं तुला वाटेल. पण पोर दुसऱ्या बाईच्या मांडीवर बघणं काय असतं ते मला कळतं. माझा मुलगा तुझ्या घरी राहतो, हे विसरू नकोस. (रागावू नकोस, गंमत केली. अर्धी.)

भिंगरीला माझ्याकडे पाठव. इथली शाळा दुकानाच्या मागच्याच गल्लीत आहे. तुझी पाळी सकाळची असो, दुपारची असो, कुणाच्या खिडकीकडे बघायला नको, टॉवेल फडकवायला नको. आतली खोली मी रिकामी केली आहे. खिडकीशी तिचं टेबल लावलं आहे. तू सुट्टी मिळेल तशी ये.

परक्या बाईच्या हाती मूल देण्यापेक्षा रक्ताच्या माणसाच्या हाती दिलेलं बरं. विचार कर. मात्र फार वेळ लावू नकोस.

— तुझी सासू


२७ फेब्रुवारी

ती. आईंना,

तुम्ही जिंकलात. भिंगरीला घेऊन जा.

शुक्रवारी मला दुपारची पाळी होती. सकाळी मी लाल टॉवेल लावला, तिचा डबा भरला, तिला शाळेत सोडलं आणि तिथूनच कामावर गेले. इस्त्रीच्या हॉलमध्ये मोबाइल नेता येत नाही. साडेपाचला ऑफिसमधून बोलावणं आलं. शाळेतून फोन होता. शाळा कधीच सुटली होती आणि भिंगरीला न्यायला कुणी आलं नव्हतं.

सुपरवायझरबाई म्हणाल्या, "जा, पण असं पुन्हा होणार असेल तर आपल्याला विचार करावा लागेल." तशीच धावले. सगळी शाळा रिकामी, फाटकाशी शिपायाच्या स्टुलावर माझी पोर पाय हलवत बसली होती. रडत नव्हती. मला बघून चक्क हसली आणि म्हणाली, "आलीस ना!" आई, किती भाबड्या विश्वासाने म्हणाली! शिपाई म्हणाला, "मघापासून सांगतेय, आज आईच येणार."

गल्लीत आलो तर पडदेवाल्या बाई पिशवी घेऊन कुठूनशा परत येत होत्या. पडदे पोचवायला गेल्या होत्या म्हणे! मी भिंगरीच्या हातात किल्ली देऊन तिला वर पाठवलं, तिच्या कानावर नको म्हणून, आणि मग मला जे सुटलं ते सुटलं. त्या म्हणाल्या, "अहो, पण पिवळा होता. मी दोनदा बघितलं. पिवळाच होता." मी म्हटलं, "या इकडे, दाखवते तुम्हाला पिवळा." दोघींनी मान वर केली. टॉवेल खालच्या दांडीवर वाकडातिकडा लोंबत होता, पण लाल होता. लालभडक! त्यांचं तोंड एवढंसं झालं. बघतच राहिल्या. सगळी गल्ली खिडक्यांत आली होती. मी म्हटलं, "स्वतःचं मूल असतं तर असं विसरला नसतात."

हे बोलताना मला बरं वाटलं, आई. खोटं कशाला सांगू? दोन महिने शोधत होते ते सापडलं. शेवटी नाव ठेवायला जागा मिळाली.

तेव्हापासून त्यांची खिडकी बंद आहे. या आठवड्यात मी दोन पाळ्या बुडवल्या. अजून एक बुडवली की नोकरी जाईल. पुढच्या आठवड्यात हे ट्रक घेऊन तुमच्या बाजूला येतायत, भिंगरीला सोबत पाठवते. तिला मी सांगितलंय. आताशा ती गॅलरीतही जात नाही.

— तुमची सून


४ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकान अर्धं बंद करून घरात गेले आणि एकटीच हसले. म्हटलं, बघा, शेवटी रक्त ते रक्त. शेजारणीला जाऊन सांगितलं. भिंगरीसाठी रंगीत बटणांचा डबा काढून ठेवला, टेबलावर नवी चादर घातली. समोरची आजी तोंडावर आपटली याचा मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी दोन घास जास्त जेवले.

मग सवयीप्रमाणे पत्र परत वाचलं आणि एका ओळीवर अडकले. "खालच्या दांडीवर वाकडातिकडा."

तूच मला लिहिलं होतंस की तू टॉवेल वरच्या दांडीवर लावतेस. तू उंच बाई, खालच्या दांडीला कशाला हात लावशील? आणि रुमाल वाकडा दिसला तरी तुझा हात शिवशिवतो. तू टॉवेल वाकडातिकडा लावलास? घाईत असलीस तरी? हातच्या काकणाला आरसा कशाला हवा? तो टॉवेल तू लावलेला नव्हताच. लावणाऱ्याचा हात वर पोचत नव्हता. आणि तेव्हा घरात किल्ली घेऊन कोण गेलं होतं, ते तूच लिहिलं आहेस.

त्या बाईंनी पिवळा बघितला म्हणतात, तर बघितला असणार.

खरं सांगते, हे मला परवाच कळलं होतं. दोन दिवस गप्प बसले. मनात म्हटलं, तुला काय करायचं? पोर येते आहे, येऊ दे. सूनही जिंकली, मीही जिंकले. आजवर मी हातातलं काही कुणासाठी सोडलेलं नाही. पण बटणांचा डबा बघितला की गल्लीत सगळ्यांसमोर उभी असलेली ती बाई दिसायची. मत्सर तुझा आणि माझा, आणि मान खाली तिने घालायची? हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

भिंगरीला विचार. ओरडून नको, मांडीवर घेऊन विचार. मग तिला पाठवायचं की नाही ते ठरव. मी काही म्हणणार नाही. म्हणजे म्हणेन, पण इथे, एकटीच.

— तुझी सासू


१० मार्च

ती. आईंना,

विचारलं. मांडीवर घेऊन, तिच्या वेण्या सोडता सोडता विचारलं.

माझ्या हाताचं बोट धरून म्हणाली, "पिवळा लावला की तू घरी असतेस ना. म्हणून मी पिवळा लावला."

आई, तिला वाटत होतं की टॉवेल सुट्टी आणतो. पांढरा लावला म्हणून आई पहाटे जाते, लाल लावला म्हणून उशिरा येते. मी रोज स्वतःच्या हाताने नको तो रंग का लावते, हे तिला कळत नव्हतं. त्या सकाळी मी डबा भरत होते, तेवढ्यात तिने लाल ओढून काढला आणि तिचा हात पोचतो त्या दांडीवर पिवळा लावला. आणि मग शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत बसली. मी खरंच आले! "आलीस ना" म्हणाली ते त्यासाठी. मग खाली भांडण ऐकलं, घाबरली, आणि लाल परत लावला.

मी समजत होते, ती माझ्यापासून लांब चालली आहे. दोन महिने मी त्या बाईंच्या मानेकडे, वेण्यांकडे, मऊ भाताकडे बघत होते. माझ्या पोरीला काय हवंय ते पिवळ्याधमक रंगात माझ्याच गॅलरीत लागलं होतं.

संध्याकाळी तिला घेऊन समोर गेले. बाईंनी दार उघडलं. मी वाक्यं पाठ करून नेली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. नुसतं म्हटलं, "टॉवेल पिवळाच होता." त्यांना ऐकू आलं नाही. मला परत म्हणावं लागलं, मोठ्याने, आणि खिडकी उघडी होती. गल्लीने तेही ऐकलं. बरं झालं.

त्यांनी भिंगरीला मशीनपाशी बसवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही माझ्यावर जळता ते मला माहीत होतं हो. पण मीही जळते तुमच्यावर. ही दिवसभर माझ्याजवळ असते. गोष्ट ऐकते, जेवते, सगळं करते. पण तुम्ही दारात दिसलात की हातातलं टाकून तुमच्याकडे पळते. मागे वळून सुद्धा बघत नाही. रोज." आणि मग म्हणाल्या, "स्वतःचं असतं तरी मी विसरले नसते." एवढंच. मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत, पण घट्टही धरले नाहीत. वेळ लागेल.

भिंगरीला समजावलं की सुट्टी सुपरवायझरबाई देतात, टॉवेल नाही. तिचा विश्वास बसला असं वाटत नाही. पाळ्यांचं म्हणाल तर ते आहे तसंच आहे. आम्ही नव्या बायकांनी मिळून निदान दोन दिवस आधी सांगा असं म्हटलंय. "बघू" असं उत्तर आलंय. तोवर भिंगरी आणि मी एक करार केला आहे. टॉवेल आम्ही दोघी मिळून लावायचा, ती माझ्या कडेवर बसून, वरच्या दांडीवर.

तिला तुमच्याकडे पाठवत नाही, आई. रागावू नका. तुम्ही गप्प बसला असतात तर आज ती तुमच्या टेबलाशी बसलेली असती, हे मला कळतं. "मला पहिल्या दिवसापासून तिथे का बोलावलं नाहीस?" असं तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण मनात असणार. मी भीत होते. तुम्ही आलात तर ती तुमचीच होईल आणि मी नुसती पगार आणणारी बाई होईन. समोरच्या बाई निदान गल्लीपलीकडे होत्या. तुम्ही तर घरात आला असतात.

आता एक गोष्ट. आज समोरच्या बाईंनी पडद्याचा उरलेला निळा तुकडा भिंगरीला दिला. तिने विचारलं, "निळा लावला की कोण येतं?" त्या म्हणाल्या, "तूच ठरव." तिने तिथेच ठरवलं, आणि घरी येऊन मला उचलायला सुद्धा न सांगता खालच्या दांडीवर लावला. वाकडातिकडा. मी सरळ केला नाही. तेव्हापासून भिंगरी गॅलरीत बसून रस्त्याकडे बघते आहे. "फोनमधली आजी किती वाजता येईल?" असं तीनदा विचारून झालं.

टॉवेल कुणाला आणत नाही असं मीच तिला कालच सांगितलंय. आई, मला खोटं पाडा.

— तुमची सून


१४ मार्च

सूनबाई,

निळा काढू नकोस. धुवायलाही नको.

दुकानाला कुलूप घातलं, किल्ली शेजारणीकडे दिली. गिऱ्हाइकांची मला काळजी नाही, माश्यांना करमणार नाही. ट्रक उद्या पहाटे येतो आहे. मुलाला सांगितलं आहे, वाटेत चहाला थांबलास तर बघ. बटणांचा डबा घेतला आहे. समोरच्या बाईंसाठी जाड दोऱ्याची रिळं घेतली आहेत, सगळ्यात चांगली, म्हणजे त्यांना कळेल की मीही काही अशी-तशी नाही.

मी काही तुझ्या मुलीवर कब्जा करायला येत नाही. थोडा करीन, पण तुझी सुट्टी असेल त्या दिवशी सोडून देईन. सकाळच्या वेण्या मात्र मी घालणार, हे त्यांना आधीच सांगून ठेव. दुपारच्या त्या घालू देत. आणि पिवळा टॉवेल असेल त्या दिवशी तू घाल. येत नसतील तर मी शिकवते.

भिंगरीला सांग, फोन बंद झाला आणि आजी बाहेर पडली.

— तुझी सासू